एकशे बारा नंबरचा झगा

थामोरा, २ फेब्रुवारी १९७८

प्रिय फोन्सो,

आज मेणबत्त्यांचा सण. चर्चमधली मेणबत्ती द्यायला मामीकडे गेले, तर तुझ्या आईने तुझा मिरवणुकीचा झगा आत्ताच पेटीतून काढून खिडकीत वाळत घातलेला. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याला अजून दीड महिना आहे. मी म्हटलं, मामी, एवढी घाई कसली? तर म्हणाल्या, पांढऱ्या कापडाला ऊन दाखवावं लागतं. इथे फेब्रुवारीत ऊन कुठलं? दुएरो नदीवरून धुकं चढतं ते दुपारपर्यंत कॅथेड्रलच्या घुमटाला सोडत नाही. काल माद्रिदहून आलेल्या बारा शिक्षिकांना मी तो घुमट "तिथे आहे, विश्वास ठेवा" एवढं सांगूनच दाखवला. खवल्यांसारख्या दगडांचं वर्णन हवेत हात फिरवून केलं. गाईडचा धंदा असाच.

तर मुद्द्याचं. तू येतोयस ना? गेल्या वर्षी तिकडे जर्मनीत कारखान्याच्या ऑर्डर होत्या, त्याच्या आदल्या वर्षी पाठ धरली होती. मिरवणूक मंडळाचा नियम तू विसरला असशील तर लिहून देते: लागोपाठ तीन पवित्र सोमवार जो मिरवणुकीत चालला नाही, त्याचं नाव कटतं आणि जागा यादीतल्या पुढच्याला जाते. यादीत तीनशे नावं आहेत, त्यांतली निम्मी अजून पाळण्यात. तुझा एकशे बारा नंबर मूळ तुझ्या वडिलांचा. मामा गेल्यावर मामींनी रात्रंदिवस बसून हा झगा तुझ्या मापाने शिवला, तो काय पेटीत ठेवायला?

त्यांना आता जिना उतरवत नाही. बाल्बोर्राथ रस्त्याचा चढ तर दूरच. वर्षातून एकदा त्यांचा मुलगा तोंडावर टोप ओढून त्यांच्या बाल्कनीखालून जातो आणि हातातली मशाल दोनदा झुकवतो, एवढीच काय ती त्यांची चैन. समोरच्या ओब्दुलियाबाई रोज खिडकीतून विचारतात, "यंदा तरी येतोय का तुमचा जर्मन?" मामी म्हणतात, येतोय.

बायकांना मंडळात घेत असते तर मीच गेले असते. पण आपल्याकडे बायकांनी कडेला उभं राहून डोळे पुसायचे, एवढंच काम.

कळव.

तुझी आतेबहीण,
कासिल्दा

झोलिंगेन, १८ फेब्रुवारी १९७८

प्रिय कासिल्दा,

तुझं पत्र वाचून हसलो. तू बोलतेस तशीच लिहितेस. अजून तटातल्या त्या बेल्यिदोच्या दारापाशी पाहुण्यांना उभं करून नाटक करतेस का? गावाला वेढा घालणाऱ्या राजाला मारून बेल्यिदो धापा टाकत तटाकडे पळत येतो, तेव्हा तू स्वतःच धापा टाकायचीस, ते आठवतं.

इकडे सगळं उत्तम. कारखान्यात आता माझ्या हाताखाली सहा जण आहेत. चाकूची धार मी पाहिल्याशिवाय पेटी बंद होत नाही. फोरमनकडे रजेचा अर्ज दिला आहे. ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे इथे सगळ्यांनाच रजा हवी असते, पण माझा शब्द तो सहसा मोडत नाही.

आईला सांग, येतो. तिने तेलातल्या बिस्किटांचा घाट घालू नये, हात दुखतात तिचे. ओब्दुलियाबाईंना माझा नमस्कार सांग, आणि सांग की जर्मन येतोय.

तुझा,
इल्देफोन्सो

झोलिंगेन, १५ मार्च १९७८

कासिल्दा,

रजा नामंजूर झाली. अमेरिकेची मोठी ऑर्डर आली आहे. मी खूप भांडलो, पण उपयोग झाला नाही. आईला तूच सांग. तुला बोलायची कला आहे, तू पोटासाठीच बोलतेस. नाव कटेल ते कटेल, बाबांच्या वेळचे नियम आता कोण पाळतं? तिला म्हणावं ऑगस्टमध्ये नक्की.

घाईत,
फोन्सो

थामोरा, २८ मार्च १९७८

फोन्सो,

तुझं पत्र पवित्र सोमवारी सकाळी अकराला मिळालं. त्यानंतर मी काय केलं ते लिहिते. लिहिताना शरम वाटते, म्हणून मध्ये खाडाखोड दिसेल.

मी सांगायलाच गेले होते. जिन्यात वाक्यं जुळवत चढले. दार उघडलं तर मामी केस विंचरून, काळा ड्रेस घालून खुर्चीत बसलेल्या. झगा इस्त्री करून दुसऱ्या खुर्चीवर, जणू तिथे कुणी बसलंय. टेबलावर बिस्किटांची थाळी, वर रुमाल. तुझं नाव काढलं नसतं तरी चाललं असतं, पण माझं तोंड फार चालतं. मी म्हणाले, "मामी, फोन्सो आलाय. गाडी उशिरा आली म्हणून थेट चर्चमध्ये गेला, तिथे मौन धरून बसायचं असतं ना. मला झगा न्यायला पाठवलंय."

मामींनी झगा घडी घालून माझ्या हातात दिला.

आता ऐकशील तर हसशील, पण हसू नकोस. झगा मी घातला. तुझ्या उंचीचा झगा माझ्या अंगावर म्हणजे पडद्याच्या कापडात गुंडाळलेली बाहुली. माझ्या वडिलांचे जुने बूट घातले, पुढे कागद कोंबून. टोप ओढला की डोळ्यांची दोन भोकं सोडली तर माणूस उरत नाही, एवढाच आधार. कारभारी नंबर पुकारत होता. मौनाची शपथ असल्यामुळे कुणी "हजर" म्हणत नाही, मशालीचा दांडा जमिनीवर आपटायचा. "एकशे बारा," तो म्हणाला. मी आपटला. तुझं नाव वाचलं, फोन्सो. कारभाऱ्याने मान हलवून यादीत तुझ्या नावापुढे रेघ मारली. सातशे वर्षांच्या देवळांत मी रोज लोकांना घेऊन जाते, कधी देवाची भीती वाटली नाही. त्या दिवशी वाटली.

बाल्बोर्राथ उतरताना झग्याची कड पायात येत होती. दोनदा अडखळले. मामी बाल्कनीत शाल घेऊन उभ्या होत्या, समोर ओब्दुलियाबाई. मी मशाल दोनदा झुकवली. मामींनी क्रूसाची खूण केली. ओब्दुलियाबाईंचं तोंड बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

खरी चूक मला दुसऱ्या दिवशी कळली. सकाळी झगा परत द्यायला गेले तेव्हा थाळीवरचा रुमाल तसाच होता. म्हणजे मामी संध्याकाळभर तुझी वाट पाहत बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की तुला त्याच रात्रीची गाडी पकडावी लागली. त्यांनी विचारलं, "जेवला होता का?" मी म्हटलं, हो, लसणाचं सूप घेतलं. "मग झालं," म्हणाल्या.

न आलेल्या मुलाला माफ करता येतं. रेल्वेला, फोरमनला, जर्मनीला दोष देता येतो. मी तुला घराखालून जाऊन वर न येणारा मुलगा केलं. तुझी लाज झाकायला गेले आणि दुप्पट करून ठेवली.

आणि आता दुसरी गोष्ट. तुझ्या पत्रावर झोलिंगेन लिहिलंय. तिकिटावर आपल्या राजाचं तोंड आहे आणि शिक्का पाल्माचा, म्हणजे मायोर्का बेटाचा. पाकीट मी चुलीत टाकलं. मामींनी पाहिलं नाही. मायोर्काला अमेरिकेची कुठली ऑर्डर होती?

कासिल्दा

झोलिंगेन, १६ एप्रिल १९७८

कासिल्दा,

चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

रजा मिळाली होती. मागितली त्याच दिवशी मिळाली. माझ्या हाताखाली सहा जण नाहीत, मी एकटाच पेट्या बांधतो. इथे गेर्डा नावाची बाई आहे, तिच्यासोबत मी चार वर्षं राहतो. भली आहे. तिच्या आईवडिलांनी ईस्टरला मायोर्काला न्यायचं ठरवलं. मी नाही म्हणू शकलो नाही. मला आईकडे जायचं आहे असं मी सांगूच शकत नव्हतो, कारण पहिल्याच वर्षी मी गेर्डाला सांगून बसलो होतो की माझी आई वारली.

का सांगितलं? तिने विचारलं होतं, तुझं घर कसं आहे, कधी जाऊया. माझ्या डोळ्यांसमोर जिन्यावरचा सामायिक संडास आला, तिसऱ्या पायरीची मोडलेली फळी आली, आणि आई कोंबडी बोटांनी सोलून खाते ते आलं. तोंडातून निघून गेलं. एकदा बोललं की आई रोज थोडी थोडी मरत गेली.

हॉटेलच्या व्हरांड्यात टीव्हीवर मिरवणुका दाखवत होते. गेर्डाचे वडील म्हणाले, बघा, कसली भुतं. वाढणारा वेटर थांबून बघत होता. त्याच्या बोलण्यावरून मी ओळखलं, बेनाव्हेन्तेकडचा, आपल्याच जिल्ह्यातला. त्याने मला स्पॅनिशमध्ये विचारलं, "साहेब कुठले?" मी त्याला जर्मनमध्ये उत्तर दिलं. मीठ मागितलं.

तो सोमवारच होता. त्याच वेळी तू माझ्या झग्यात अडखळत होतीस.

तुझी चूक नाही. घराखालून वर न जाणारा मुलगा तू बनवला नाहीस, तो होताच. ऑगस्टमध्ये येतो आणि आईला सगळं सांगतो. तोवर तू बोलू नकोस, पाया पडतो.

फोन्सो

थामोरा, २० जून १९७८

फोन्सो,

बोलले नाही, बोलणारही नाही. पण एवढं कळलं की मला मिटल्या तोंडाने त्या घरात बसणं जड जातं. मी बेल्यिदोच्या दाराशी पाहुण्यांना नेहमी विचारते, गद्दार की गावाचा तारणहार? तटाच्या आतल्यांनी दार उघडून त्याला आत घेतलं, बाहेरचे अजून शिव्या देतात. लोक हसतात, फोटो काढतात. हल्ली तो प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळते.

मामी बऱ्या आहेत, पण दिसायला फार कमी झालंय. रोज सकाळी माझ्याकडून वीस सुया पांढऱ्या दोऱ्याने ओवून घेतात आणि दिवसभर खिडकीशी शिवत बसतात. काय शिवता विचारलं की मांडीवर शाल ओढतात. परवा मला दाराला टेकून ताठ उभं केलं आणि खांद्यापासून घोट्यापर्यंत दोऱ्याने माप घेतलं. सान पेद्रोच्या लसणाच्या जत्रेसाठी ड्रेस, म्हणाल्या. या वयात माझे लाड. मी लसणाची माळ घेऊन जत्रेत मिरवणार आहे.

तुझ्याबद्दल त्या हल्ली विचारत नाहीत. तू ऑगस्टला ये.

कासिल्दा

झोलिंगेन, ९ ऑगस्ट १९७८

कासिल्दा,

या महिन्यात जमत नाही. कारण विचारू नकोस, कारण काही नाही. तिकीट काढलं होतं. स्टेशनवर गेलो आणि परत आलो. मला तिच्यासमोर उभं राहायची हिंमत होत नाही.

फोन्सो

थामोरा, १८ ऑक्टोबर १९७८

फोन्सो,

तार केली तेव्हा मामींना जाऊन दोन तास झाले होते. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पुरतात हे तुला ठाऊक होतं, तरी तू तिसऱ्या दिवशी पोचलास. त्याबद्दल बोलत नाही, आगगाड्या मी चालवत नाही. पण तू बाल्बोर्राथ चढताना टोपी डोळ्यांपर्यंत ओढून ओब्दुलियाबाईंच्या खिडकीखालून भिंतीला घासत गेलास, ते मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मिरवणुकीत तोंड झाकायचं ते देवासमोर, शेजाऱ्यांसमोर नव्हे.

शेवटी त्यांना फार त्रास झाला नाही. ड्रेस काही शिवून झाला नाही. मी विचारलंही नाही. घराची किल्ली माझ्याकडे आहे.

कासिल्दा

झोलिंगेन, ४ फेब्रुवारी १९७९

प्रिय कासिल्दा,

गेर्डाला सांगितलं. सगळं.  तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तू चार वर्षं मला एका जिवंत बाईच्या मृत्यूबद्दल सांत्वन करायला लावलंस." मग विचारलं, तिचं नाव काय होतं. मी सांगितलं, त्रान्सितो. तिने ते तीनदा म्हणून पाहिलं.

आम्ही दोघं पवित्र आठवड्यात येतो. या वेळी स्टेशनवरून परत फिरणार नाही, ती सोबत आहे. मला मिरवणुकीत चालायचं आहे. आईसाठी एवढं तरी करू दे. बाल्कनी रिकामी असली तरी मशाल झुकवीन. झगा काढून जरा ऊन दाखव.

तुझा,
फोन्सो

थामोरा, ३ मार्च १९७९

फोन्सो,

झगा काढला. बरं झालं तू लिहिलंस, नाही तर ऐनवेळी चर्चमध्ये कळलं असतं.

तो तुला येणार नाही. खालून वीतभर कमी केलाय. बाह्या कमी केल्यात. खांदे आत घेतलेत. टाके वाकडेतिकडे, जागोजागी दुहेरी, दिसत नसलेल्या माणसाने बोटांनी चाचपत घातलेले. मी अंगावर चढवून आरशापुढे उभी राहिले. कड बरोबर माझ्या घोट्याला टेकते. म्हणजे माझा ड्रेस शिवून झाला होता.

मला वाटलं दुमडून शिवला असेल, उसवून तुझ्यापुरता खाली सोडता येईल. पण तो दुमडलेला नाही, कापलाय. कापलेल्या पट्टीच्या दोन घड्या करून पेटीच्या तळाला ठेवल्यात, त्यावर माझ्या वडिलांच्या बुटांचे चिखलाचे डाग आहेत.

एक गोष्ट मी तुला गेल्या वर्षी लिहिली नव्हती. लिहिण्यासारखी वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर टोचली होती. मंगळवारी सकाळी झगा परत दिला तेव्हा मामींनी कडेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जर्मनीत माणसं बुटकी होतात का गं?" मी म्हटलं, तो वाकून चालतो हल्ली, कामाने खांदे पडलेत. त्या म्हणाल्या, "हो का." एवढंच. मी मनात म्हटलं, सुटले. गावाच्या गोष्टी सांगून पोट भरणारी मी, आणि म्हातारीने मला जागेवर बसवलं हे कळायला एक वर्ष लागलं.

त्यांना बाल्कनीतूनच कळलं होतं, फोन्सो. तू पुन्हा येणार नाहीस हेही कळलं होतं, आणि मी पुन्हा जाईन हेही. मी पडू नये म्हणून त्यांनी उरलेली नजर त्या कडेवर घालवली. आपण दोघं त्यांच्यापासून लपवत होतो आणि त्या आपल्या दोघांची लाज राखत होत्या. मला आज त्यांच्या खुर्चीकडे बघवत नाही.

नवा झगा शिवायला वेळ आहे. रुआ गल्लीतल्या शिंप्याला सांगू का?

कासिल्दा

झोलिंगेन, १५ मार्च १९७९

प्रिय कासिल्दा,

शिंप्याला सांगू नकोस.

तुझं पत्र कारखान्याच्या दाराशी वाचलं आणि आत गेलो नाही. आईने कात्री चालवताना काय विचार केला असेल, हेच दिवसभर मनात होतं. रागाने कापला असता तर बरं वाटलं असतं. रागाने कापलेलं वाकडं असतं. तू लिहितेस टाके वाकडे आहेत, कापलेली पट्टी कशी आहे ते लिहिलं नाहीस. मला वाटतं सरळ असेल.

झगा तुझा आहे, तिने तसं ठरवलंय. नंबर बाबांचा, मापं तुझी. चालायची इच्छा असेल तर चाल. मी काय करणार ते सांगतो. मी आईच्या बाल्कनीत उभा राहीन, तिच्या जागी, डोक्यावर काही न घालता. गेर्डा शेजारी असेल. सगळ्या बाल्बोर्राथला दिसू दे की त्रान्सितोचा मुलगा वर उभा आहे, खाली नाही, आणि गेल्या वर्षीही नव्हता. माझं उघडं तोंड आजवर कुणी पाहिलं नाही. एकदा पाहू दे.

पण मी वर दिसलो की लोक खाली बघतील, आणि एकशे बारामध्ये कोण आहे हे विचारतील. त्याचा त्रास तुला होईल. म्हणून मशाल झुकवायची की नाही ते तू ठरव. न झुकवता गेलीस तर कुणाला काही कळणार नाही, आणि मी तुला एका शब्दाने विचारणार नाही.

तुझा,
फोन्सो

(कार्ड. मागे बेल्यिदोच्या दाराचं चित्र.)

थामोरा, २४ मार्च १९७९

फोन्सो,

पट्टी सरळ आहे. मी फूटपट्टी लावून पाहिली.

बाल्कनीचं दार ओलीने फुगलंय, खांद्याने ढकलावं लागतं. पवित्र सोमवारी संध्याकाळी मी घरी नसेन. किल्ली ओब्दुलियाबाईंकडे ठेवते. त्यांच्याकडे स्वतः जाऊन माग, टोपी काढून. पहिल्या वाक्यात गेर्डाचं नाव सांग, नाही तर त्या दुसरं वाक्य बोलू देणार नाहीत.

शाल खुर्चीच्या पाठीवर आहे. वारा असतो तिथे. दोनदा झुकवीन, बघत राहा.

कासिल्दा